सव्वापट

वेलिंग्टन
१६ सप्टेंबर २०१८

नंदा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, निळ्या खुणा दिसतात, आणि गप्प बसतेस. म्हणून कागद-पेन घेतलं. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते दोन दिवस फ्रिजवर ठेवणार हे मला ठाऊक आहे. पण तू लहानपणापासूनची भोचक. फोडशीलच.

मैत्रेय अमेरिकेला निघाला तेव्हा ऑकलंडला टाकानिनीच्या त्या हॉलमध्ये तू जेवण दिलंस, त्यानंतर आपण बोललेलो नाही. तुझ्या टेविताच्या भावांनी मागच्या अंगणात खड्डा करून डुक्कर भाजलं होतं, अख्खा टोंगन गोतावळा गात होता, आणि मी मधेच म्हणालो, "स्कॉलरशिप फुटबॉलची आहे, शिक्षणाची नाही. आपल्या घरात अंगाच्या जोरावर कुणी पोट भरलेलं नाही." तू सगळ्यांसमोर विचारलंस, "मग आजोबा खडकीच्या मालधक्क्यावर काय पेटी वाजवत होते?" मराठी कुणाला कळलं नाही हे नशीब. टेविता तर माझ्या ताटात आणखी वाढायला आला. "ईट अप, ब्रो," म्हणाला. दिवसभर खाटिकखान्यात बैलांची धडं उचलणारा तो माणूस मला आग्रहाने वाढत होता आणि मी त्याच्याच मुलाला ओझं वाहायला नको म्हणत होतो. असो.

आज लिहिण्याचं कारण वेगळं आहे. सरकारी खात्यातलं माझं कंत्राट संपलं. विभावरी म्हणाली, घरात बसून माझं डोकं खाऊ नकोस. म्हणून जे मिळालं ते धरलं. काम ऐकून हसशील. ॲरो स्ट्रीटवर एका जुन्या घरात छोटी कंपनी आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांचे, त्यांच्या त्या धडकाधडकीच्या फुटबॉलचे, सामने तिथल्या शनिवारी होतात, तेव्हा आपला रविवार असतो. ते झोपतात आणि आम्ही टेप बघतो. ते सोमवारी कामावर यायच्या आत आमचा अहवाल त्यांच्या टेबलावर असतो: हा पोरगा पुढे व्यावसायिक संघात टिकेल का, की शिक्षण संपलं की खेळही संपला. संघ विकत घेतात, खेळाडूंचे एजंट विकत घेतात. एका खेळाडूला दोघे जण बघतात, एकमेकांना न विचारता. दहापैकी अंक देतात. दोन्ही कागद अहवालाला जोडतात, पण वर मोठ्या अक्षरात छापतात तो दोघांतला कमी अंक. गिऱ्हाईक सावधपणाचे पैसे देतं, असं आमचा मालक बॅरी म्हणतो. सहा किंवा वर असेल तर संघ निवडायचा विचार करतात. सहाच्या खाली असेल तर पोराने दुसरं काही बघावं.

या वर्षीच्या डिफेन्सिव्ह लाइनमनमध्ये, म्हणजे अगदी पुढच्या रांगेत जमिनीला हात टेकवून समोरच्या भिंतीला भिडणाऱ्यांमध्ये, एक नाव आहे मैत्रेय टाउफा.

मी बॅरीला लगेच सांगितलं, हा माझा सख्खा भाचा आहे, हा दुसऱ्याला द्या. तो म्हणाला, "स्वीट ॲज. यू'ल बी स्ट्रेट." म्हणजे काही बिघडत नाही, तू सरळच वागशील. पुढच्या रांगेतली माणसं वाचणारे आम्ही दोघेच, मी आणि हेमी. त्यामुळे मलाच बघावं लागणार.

तुला चालेल ना? नसेल तर कळव. न कळवशील तर चालतंय असं समजेन.

दादा


वेलिंग्टन
१४ ऑक्टोबर २०१८

नंदा,

चार वर्षांनी तुझा मेसेज, आणि त्यात तीन वाक्यं. "बघ. नीट बघ. त्याला सांगितलंय मी, मामा बघतोय." कंजूषपणा तुझ्याकडून शिकावा.

बघतोय. नीट बघतोय.

अंक सांगता येणार नाही, अजून दिलेलाही नाही, हंगाम संपल्यावर देतात. पण टेपवर काय दिसतं ते सांगायला कुणाची बंदी नाही. पोरगा मोठा झाला आहे गं. दारातून आडवा होऊन जावं लागत असेल. पण वजनाचं कौतुक तिथे कुणाला नाही, सगळेच तसे. बघायचं असतं ते पहिलं पाऊल. चेंडू हलला की समोरचा हलायच्या आत याचा पाय पुढे पडलेला असतो. बाकीचे चेंडू बघून निघतात, हा समोरच्याचा खांदा बघून निघतो. मग हात. दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर, बोटं आत, कोपरं अंगाला चिकटलेली, आणि स्वतः खालून. जो खाली तो जिंकतो, एवढाच तो खेळ आहे. मनुरेवाच्या शाळेत रग्बीत पुढच्या रांगेत खेळला, त्याचा हा गुण. एक खोड आहे. सामना शेवटाकडे आला की दमतो आणि उभा राहून भिडतो. तेव्हा त्याला मागे ढकलतात.

मागच्या रविवारी त्याने समोरच्या दोघांना एकट्याने अडवून धरलं. मागून त्याच्याच संघातल्या एकाने सहज चेंडूवाला पाडला आणि टाळ्या त्याला मिळाल्या. मैत्रेयकडे कुणी बघितलंही नाही. मी खुर्चीतून उठलो होतो. हेमी म्हणाला, "यू ऑल गुड, ब्रो?" मी म्हटलं, पाणी प्यायला चाललोय.

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. इथल्या आपल्या लोकांनी एका शाळेचा हॉल घेतला होता, वंदना झाली, मग सगळ्यांनी आपापल्या डब्यातलं खाल्लं. एका बाईंनी विचारलं, तुमचा भाचा अमेरिकेत काय शिकतो? मी म्हटलं, फुटबॉल. त्या म्हणाल्या, अहो, पण शिकतो काय? पूर्वी मी यावर मान हलवली असती. आज मी त्यांना पहिलं पाऊल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांचा उपमा थंड झाला.

आण्णा असते तर काय म्हणाले असते, याचा विचार करत होतो. दारूगोळा कारखान्यात ते कारकून झाले तेव्हा साहेबाने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "राजाराम, कोट्यातून आलात ना?" मी पुण्यात इंजिनिअरिंगला गेलो, तेव्हा होस्टेलवर माझ्या खोलीच्या दारावर खडूने तेच लिहिलं होतं. मी पुसलं नाही. पहिला आलो आणि मग पुसलं. बाप म्हणून आण्णांचं ठरलेलं होतं: लोकांना बरोबरीचं दिसावं असं वाटत असेल तर आपण सव्वापट करायचं. तुला हे ऐकून वीट यायचा. तू म्हणायचीस, मी नाही करणार सव्वापट, मी एकपट करीन आणि उरलेल्या वेळात झोपीन. मला राग यायचा. खरं सांगायचं तर हेवा वाटायचा.

ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे तो माझा कोण ते. म्हणून मी जपून आहे.

दादा


वेलिंग्टन
१९ नोव्हेंबर २०१८

नंदा,

हे पत्र मिळाल्याबरोबर वाच. फ्रिजवर ठेवू नकोस.

गेल्या तीन सामन्यांत एक गोष्ट दिसते आहे. पहिल्यांदा वाटलं माझा भास असेल. धडक बसल्यावर मैत्रेय उठतो तेव्हा त्याचा उजवा हात लोंबतो. तो हात झटकतो, बोटं उघडतो-मिटतो, मग पुढच्या डावाला रांगेत बसताना डावा हात जमिनीला टेकवतो. आयुष्यभर उजवा टेकवणारा मुलगा तो. कालच्या सामन्यात हे दोनदा झालं. टीव्हीवाल्यांच्या लक्षात येत नाही. त्याच्या कोचांच्या लक्षात येत नाही, की येतं आणि ते बोलत नाहीत, मला सांगता येणार नाही.

विभावरीला दाखवलं. ती फिजिओ आहे, तिला एकदाच दाखवावं लागलं. म्हणाली, मानेतली नस आहे, हात नुसता निमित्त. "विश्रांती घेतली तर बरं होईल. नाही घेतली तर एक दिवस हात परत येणार नाही. लिहून टाक, डॉक्टर बघतील."

आमच्या अहवालात दुखापतीच्या संशयाचा एक रकाना असतो. मी त्यात एक ओळ जरी लिहिली, तर पुढे कुठलाही संघ, कुठल्याही सामन्याआधी त्याची मान तपासल्याशिवाय त्याला मैदानात घेणार नाही. आणि मान अधू आहे हे एकदा कागदावर आलं की पुढच्या रांगेच्या खेळाडूला कुणी हात लावत नाही. तेही तितकंच खरं.

तू त्याला विचार. मी विचारलं तर तो "ऑल गुड, मामा" म्हणणार. तुला खोटं सांगायला त्याला थोडा तरी त्रास होईल. विचार आणि मला कळव. अहवाल पुढच्या आठवड्यात जायचा आहे.

दादा


वेलिंग्टन
६ डिसेंबर २०१८

नंदा,

मागच्या आठवड्यात तू फोन केलास. चार वर्षांनी "दादा" ऐकलं आणि पुढचं थोडा वेळ मला कळलंच नाही.

मग कळलं. झिणझिण्या येतात आणि जातात, असं तो म्हणाला. त्याच्याबरोबरच्या निम्म्या पोरांना येतात. टेविता दोन पाळ्या करतोय तो याच्यासाठी, तू नर्सिंग होममध्ये रात्रीची ड्युटी घेतेस ती याच्यासाठी, आणि मैत्रेय पहिल्यांदा शाळेच्या रग्बीच्या टीममध्ये आला तेव्हापासून याच एका दिवसाची वाट बघतोय. "एवढं एक लिहू नकोस रे, दादा. तुझ्याकडे आजवर काही मागितलंय का मी?" म्हणालीस.

नाही मागितलंस. फक्त चुका दाखवल्यास, त्या बहुतेक खऱ्या होत्या.

तो रकाना मी कोरा सोडला. विभावरी माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाही. अहवाल गेला.

अंकाचं सांगतो, नाहीतरी एजंटकडून कळेलच. हेमीने साडेसहा दिले. मी साडेपाच. वर साडेपाच छापून आले आहेत. तू चिडशील. चीड. पण मी त्याला जितकं बारीक बघितलं तितकं हेमीने बघितलेलं नाही. तो शेवटी दमतो, उभा राहतो, हे मी मागेच लिहिलं होतं तुला. मला जे दिसलं

[इथे दोन ओळी खोडलेल्या आहेत.]

खोडलंय ते वाचायचा प्रयत्न करू नकोस. उजेडाकडे धरशील, माहीत आहे मला तुझं.

सगळं संपलेलं नाही. जानेवारीत निवडक कॉलेज खेळाडूंचा एक सामना होतो, सगळ्या संघांची माणसं तिथे येऊन बसतात. ज्याचा अंक सहाच्या थोडा खाली आहे त्याने तिथे चमकून दाखवलं तर तो वर येतो. ज्याचा वर आहे त्याने घरी बसून आराम केला तरी चालतं. मैत्रेयला बोलावणं येईल. त्याच्या हिमतीवर येऊ दे वर. मामाने वर ओढला असं आयुष्यभर ऐकण्यापेक्षा ते बरं. मला कुणी म्हणू नये, त्याला तर मुळीच म्हणू नये.

आज सहा डिसेंबर आहे. मेणबत्ती लावली. आण्णांच्या फोटोसमोरही एक लावली. या वर्षी त्यांच्यासमोर मान वर करून बसता येईल असं वाटलं होतं.

दादा


वेलिंग्टन
३ फेब्रुवारी २०१९

नंदा,

फोन टेविताने उचलला. "शी कान्ट टॉक टू यू, ब्रो. नॉट नाऊ." ऑपरेशनचं तेवढं सांगितलं आणि फोन ठेवला. म्हणून परत कागद.

मी जानेवारीचा तो सामना इथे ऑफिसात बघत होतो. तूही बघत असशील. दुसऱ्या भागात, धडक तशी मोठी नव्हती, त्याहून मोठ्या त्याने शंभर खाल्ल्यात. तो शेवटाकडे दमला होता आणि उभा राहिला होता. समोरच्याचं डोकं त्याच्या हनुवटीखाली लागलं. तो बाजूला कलला आणि पडला, आणि या वेळी त्याने हात झटकला नाही. कॅमेरा लगेच दुसरीकडे वळला. तिथल्या लोकांना ते दाखवायचं नसतं. मी स्क्रीनसमोर ओरडत होतो की कॅमेरा फिरवा. हेमीने मला धरून खाली बसवलं.

ऑपरेशन झालं असं टेविता म्हणाला. पाय हलतात. डावा हात हलतो. उजव्याचं आत्ताच सांगता येणार नाही. नस मुळापासून उखडली आहे, असं डॉक्टरांचं म्हणणं. विभावरीला मी सांगितलं, तर ती बाहेर जाऊन उभी राहिली.

तुला तिकीट हवंय का? मी काढतो. आपण दोघं जाऊ. तुला माझ्याशेजारी बसायचं नसेल तर मी मागच्या रांगेत बसतो.

काहीतरी कळव. शिवी दे. पण कळव.

दादा


वेलिंग्टन
२८ एप्रिल २०१९

नंदा,

पत्रं परत येत नाहीत, म्हणजे मिळत आहेत असं धरतो.

व्यावसायिक संघांची निवड काल संपली. तीन दिवस नावं पुकारत होते. पुढच्या रांगेचे किती तरी गेले. त्यांतल्या काहींना मी मैत्रेयच्या खाली ठेवलं होतं. त्यांतला एक तर इतका सुस्त आहे की त्याला चेंडू कुठे आहे हे विचारावं लागतं. पुकारलं त्याचं नाव. त्याची आई रडत होती, आजी नाचत होती. हेमीने उठून टीव्ही बंद केला.

टेविता मधून मधून मेसेज करतो. मैत्रेय घरी आला आहे, हे त्याच्याकडून कळलं. उजवा हात खांद्यापासून तसाच आहे, हे पण. आता वर्षभरात जे येईल ते येईल.

तुझ्या गप्प बसण्याचा मला राग येतो, हे मी लपवत नाही. त्या रकान्यात मी लिहिणार होतो. तू म्हणालीस लिहू नको. तू म्हणालीस, नंदा, मी नाही. मी अख्खं आयुष्य नियमाने काढलं, एकदाच तुझ्यासाठी वाकलो, आणि गप्प तू बसतेस?

हे वाक्य खोडावंसं वाटतंय. खोडत नाही. तुला मी कसा आहे ते ठाऊकच आहे.

नोकरी सोडली. आता काय करायचं ते ठरवलेलं नाही.

दादा


वेलिंग्टन
२५ ऑगस्ट २०१९

नंदा,

हे पत्र मैत्रेयच्या हाती देतोय. त्याला देवनागरी वाचता येत नाही, पण यात काय आहे ते त्याला ठाऊक आहे. त्यानेच लिहायला लावलं.

परवा तो न कळवता आला. ऑकलंडहून रात्रभर बसने. दारात उभा राहिला, "किया ओरा, मामा," म्हणाला, आणि मला त्याला मिठी कशी मारायची कळेना, हात कुठे ठेवायचा कळेना. उजवा हात जॅकेटच्या खिशात खोचलेला होता. खिशात नसला की तो नुसता हलत राहतो आणि लोक बघतात, असं म्हणाला. विभावरीने वरणभात केला. तो डाव्या हाताने जेवत होता आणि सांडत होता. विभावरी चमचा आणायला उठली, तर म्हणाला, "नाह, मामी. आय'म लर्निंग."

जेवण झाल्यावर म्हणाला, टेप दाखव. मी म्हटलं, कशाला? दाखव, म्हणाला. कंपनी सोडली तरी माझ्याकडे काही होत्या. दुपारभर आम्ही बघत बसलो. तो स्वतःला असा बघत होता की दुसऱ्या कुणाच्या पोराला बघतोय. मधे मधे "नाइस" म्हणत होता. त्या दोघांना एकट्याने अडवलं तो डाव आला तेव्हा मी सांगितलं, इथे मी खुर्चीतून उठलो होतो. त्याने माझ्याकडे वळून बघितलं.

मग विचारलं. तो इंग्रजीत बोलला, मी मराठीत लिहितो. "मामा, खरं सांग. मी पुरेसा चांगला होतो का?"

नंदा, मी कितीतरी दिवस या प्रश्नाची भीती बाळगून होतो. नाही म्हटलं असतं तर त्याला एकदाच वाईट वाटून संपलं असतं. हो म्हटलं तर काय गेलं ते त्याला कळणार. मी हो म्हणालो. साडेसहा, म्हणालो. हेमीइतकेच माझ्याही मनात होते. कदाचित जास्तच. मी एक कमी करून लिहिले.

त्याने विचारलं, का?

तू माझा आहेस म्हणून, मी म्हणालो. मामाने वाढवून दिले असं कुणी म्हणू नये म्हणून. तू बरोबरीचा असूनही मी तुझ्याकडून जास्त मागितलं. आण्णांनी माझ्याकडून मागितलं होतं, मला त्याने फायदा झाला, म्हणून मला वाटलं, तुलाही होईल. हेच मी डिसेंबरात, नंदा, तुला लिहून खोडलं होतं.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने डाव्या हाताने स्क्रीन बंद केली. मग जे म्हणाला ते तुला जसंच्या तसं सांगतो, कारण ते तुझ्यासाठी आहे.

म्हणाला, डिसेंबरात एजंटने दोन्ही कागद माझ्यासमोर ठेवले होते. साडेसहाचा आणि साडेपाचचा. एजंट म्हणाला, हा साडेपाचवाला उगाच खडूस आहे, याला विसर. माझा हात बरा नाही हे एजंटला कळलं होतं. तो म्हणाला, जानेवारीच्या सामन्याला जाऊ नकोस, घरी जा, आईच्या हातचं खा, हात बरा कर, हेमीच्या कागदावर मी तुला विकून दाखवतो. मी तिकीटसुद्धा बघितलं होतं, मामा. मग मी साडेपाचच्या खालची सही बघितली.

"दुसऱ्या कुणाची असती तर मी घरी आलो असतो. ती तुझी होती. मम नेहमी सांगते, तू चिडका आहेस, हट्टी आहेस, पण खोटं कधी बोलत नाहीस. मला वाटलं, मामा म्हणतो मी कमी आहे, म्हणजे मी कमी आहे. म्हणून खेळायला गेलो."

नंतर म्हणाला, हे ममला सांग. नंदा, तू माझ्यावर रागावून गप्प आहेस असं मी इतके महिने समजत होतो. तो म्हणाला, नाही. शी थिंक्स शी डिड इट. तू रात्रीची ड्युटी नसली तरी जागी असतेस, असं म्हणाला. तू मला रकाना कोरा ठेवायला सांगितलंस, म्हणून त्याचा हात गेला, असं तू धरून बसली आहेस. माझं एप्रिलचं पत्र तुला मिळालं असणार. ते मी लिहायला नको होतं.

ऐक आता. रकाना माझा होता, सही माझी होती. तू आई आहेस, आईने तेच मागायचं असतं. नाही म्हणणं हे माझं काम होतं आणि तिथे मी हो म्हटलं. जिथे निमूट जे दिसलं ते लिहायचं होतं, तिथे कडक झालो. तरीही तो वाचला असता. एजंट त्याला घरी पाठवत होता, तिकीट बघून झालं होतं, तुझ्या मनुरेवातल्या घरी तो जानेवारीत सोफ्यावर पाय पसरून झोपला असता.

तो तिथे गेला तो तुझ्यामुळे नाही, नंदा. त्याने माझं खरं मानलं.

दादा